दिवाळी मागच्या तुरीवर

आर्णी तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं: पाच एकर कोरडवाहू वावर, अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, अर्ध्यात सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. घरात नवरा-बायको, सासू, यंदा नववीत गेलेली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत हातात पैसा नसतो, म्हणून दरवर्षी सोयाबीन काढल्याबरोबर विकावं लागतं. गेल्या दिवाळीला तेही पुरलं नाही, म्हणून फायनान्सवाल्यांकडून 40,000 उचलले. दोन वर्षांची मुदत, हप्ता अजून चालू आहे. आता मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी आणि घरावर स्लॅब टाकायला पैसा जमवायचा आहे. त्यांचे प्रश्न तीन: सण कमी करावे का, यंदा आणखी एक कर्ज काढून भागवावं का, आणि लाडकी बहीणचे पैसे कुठे ठेवावे.

ताई, मी बचत गटांच्या वह्या तपासते, गावोगावी बायकांना घरखर्चाचा हिशेब बसवून देते. तुम्ही लिहिलंय तेच मला यवतमाळ, वाशिम, वर्धा भागातल्या बहुतेक कोरडवाहू घरांत दिसते. त्यामुळे आधी एवढंच सांगते की तुमचा खर्च फार वाकडा नाही. वाकडी आहे ती वेळ. सणाला हात लावण्याआधी सणाचा पैसा कोणत्या पिकातून येतो ते बदला. आज तुमची दिवाळी यंदाच्या सोयाबीनवर होते. ती मागच्या तुरीवर झाली पाहिजे.

वर्षाची चाल पाहा. मृगात बियाणं-खत, आषाढ-श्रावणात निंदण, डवरणी, फवारणी. पोळा येतो तोवर सगळा पैसा वावरात पुरलेला असतो आणि कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असते. नेमकं तिथूनच सणांची रांग लागते: पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, दिवाळी, भाऊबीज. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे, कापसाचा पहिला वेचा दिवाळीच्या तोंडावर. तूर मात्र पौष-माघात घरी येते आणि तिचा चुकारा होतो, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे मिळतात, तेव्हा समोर एकही मोठा सण नसतो. म्हणून तो पैसा लग्नाच्या आहेरात, गाडीच्या दुरुस्तीत, मोबाइलमध्ये कुठेतरी विरून जातो. मार्चनंतर तुरीचे पैसे कुठे गेले हे विचारलं तर दहापैकी आठ घरांत नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात.

आता घाईच्या सोयाबीनचं गणित मांडू, कारण इथेच तुमचा सगळ्यात मोठा सणखर्च लपलेला आहे आणि तो कुठल्याच यादीत नसतो. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, निघालेल्या ओल्या सोयाबीनमध्ये समजा 18 टक्के ओलावा आहे. ते ताडपत्रीवर वाळवून 12 टक्क्यांवर आणलं, तर एका क्विंटलचं साधारण 93 किलो भरेल. म्हणजे खरी घट सात किलोची. पण ओल्या मालाचा भाव पाडताना व्यापारी सात टक्क्यांवर थांबत नाही. समजा वाळलेल्या मालाला 4,100 भाव चालू आहे आणि तुमचा ओला माल 3,500 ला मागितला. तोच माल वाळवून 93 किलो विकला तर हातात 3,813 आले असते. क्विंटलमागे 300 च्या वर गेले, तेही बाजार वाढण्याची वाट न पाहता, नुसत्या चार-सहा दिवसांच्या उन्हासाठी. बारा क्विंटलवर हा आकडा 3,700 च्या घरात जातो. दोन्ही लेकरांचे कपडे यात निघाले असते.

हमीभावाचं केंद्रही 12 टक्क्यांचीच अट लावते. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 होता. पण ज्याला धनत्रयोदशीच्या आत रोख हवी त्याला त्या भावाचा काही उपयोग नाही. नोंदणी, नंबर, मोजमाप, मग खात्यात चुकारा, एवढं थांबायला घरात आधी काहीतरी शिल्लक लागते. कापसाचंही तेच. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, बारापर्यंत कपात करून घेते, त्यावर परत पाठवते. पहिल्या वेच्याचा दवाने भिजलेला कापूस तिथे बसत नाही, म्हणून तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. गावातल्या गावात, रोखीत, पण त्याच्या भावात. दिवाळीच्या आठवड्यात वेचाईचे दरही चढलेले असतात, कारण मजूर बायकांनाही दिवाळी असते.

यंदा मात्र पंचांग तुमच्या बाजूने आहे. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे. सोंगणी आणि दिवाळी यांच्यात अडीच आठवडे जास्त मिळाले. पावसाने दगा दिला नाही तर सोयाबीन वाळवायला पुरेसं ऊन आहे. (धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या वाणात आणि अनारशांत काही घरांचे पैसे गेले असतील ते वेगळं. तो खर्च तीन वर्षांतून एकदा येतो, पण आला की आपल्याला अचानक आल्यासारखा वाटतो.)

तर यंदासाठी पहिलं काम: सोयाबीनचे दोन भाग करा. दिवाळीला लागेल तेवढंच, समजा तीन-चार क्विंटल, नीट वाळवून विका. बाकीचं घरात ठेवायला जागा नसेल किंवा नोव्हेंबरात पैशांची ओढ असेल तर तालुक्याच्या बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. पणन मंडळाची ही योजना 1990-91 पासून आहे, तरी बचत गटांच्या बैठकीत विचारलं तर अर्ध्या बायकांनी नाव ऐकलेलं नसते. सोयाबीन, तूर, हरभरा, धान असा माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, वर्षाला 6 टक्के व्याज, मुदत सहा महिने. आठ क्विंटल माल 4,000 च्या भावाने 32,000 चा धरला, तर 24,000 हातात येतात आणि सहा महिन्यांचं व्याज 720 च्या आसपास होते. माल तुमचाच राहतो. सगळ्याच समित्या ही योजना राबवतात असं नाही, म्हणून सोंगणीच्या आधी सचिवांना भेटून विचारा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, तेव्हा ई-पीक पाहणी वेळेत करून ठेवा.

एक सावधगिरी. भाव पुढे वाढेलच या भरवशावर माल ठेवू नका. सोयाबीनने गेल्या काही वर्षांत अनेकांना फेब्रुवारी-मार्चमध्येही तसंच बसवलं आहे. मी तारण सांगते ते ओला माल आणि गर्दीचा भाव टाळण्यासाठी. जानेवारीत बरा भाव दिसला की विकून मोकळं व्हा, शंभर रुपयांसाठी मार्चपर्यंत ताणू नका.

आता फायनान्सच्या कर्जाबद्दल. 40,000, दोन वर्षं, वर्षाला 24 टक्के घटत्या शिलकीवर धरले तर महिन्याचा हप्ता साधारण 2,115 बसतो आणि एकूण व्याज 10,750 च्या आसपास जाते. तुमच्या कार्डावरचा दर पाहून घ्या, थोडा इकडेतिकडे असेल. 2025 च्या दिवाळीला घेतलेलं हे कर्ज 2026 ची दिवाळी ओलांडून 2027 च्या दिवाळीपर्यंत चालणार आहे. एका दिवाळीसाठी दोन वर्षं हप्ता. आणि हप्ता महिन्याचा, तुमची कमाई मात्र हंगामाची. भाद्रपदात घरात काही येत नाही, त्या महिन्याचा हप्ता तुम्ही कुठून भरता? बहुतेक बायका गटातून उचलून भरतात, किंवा शेकडा तीन-चारने कुणाकडून तरी. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, शेकडा पाच म्हणजे 60. बोलताना तीन आणि पाच हे आकडे लहान वाटतात, म्हणूनच ते तसे बोलले जातात.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: यंदा नवीन फायनान्स घेऊ नका, आणि "ताई, तुमचे हप्ते चांगले आहेत, टॉप-अप देतो" असं कुणी म्हटलं तरी नको. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये मायक्रोफायनान्ससाठी घालून दिलेले नियम माहीत असू द्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, दारात येऊन बसायचं नाही. वसुलीची जागा आधी ठरलेली असते, तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच ते घरी येऊ शकतात.

पुढच्या फेब्रुवारीत कापसाचा मुख्य पैसा आला की उरलेलं एकदम फेडायचं का, असं तुम्ही विचाराल. तेव्हा सोळा हप्ते गेलेले असतील आणि शिल्लक साधारण 15,500 राहील. ते एकरकमी भरलं तर व्याजाचे 1,400 च्या आसपास वाचतील. फार मोठी रक्कम नाही, पण मार्च ते ऑक्टोबर महिन्याला 2,115 मोकळे होतात आणि पेरणीत उधारी कमी लागते. मी तरी फेडा असंच म्हणेन. अगदी अडलंच तर गटाचं अंतर्गत कर्ज घ्या. शेकडा दोनने घेतलं तरी ते व्याज गटाच्याच पेटीत राहते आणि त्यात तुमचाही वाटा असतो. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण फायनान्सपेक्षा बरंच स्वस्त पडते. मंगळसूत्र बँकेत ठेवायला सासूबाईंना कसंतरी वाटेल, पण सावकाराच्या तिजोरीत ठेवण्यापेक्षा पावती देणारी बँक बरी.

आता सण कमी करावे का. खरं म्हणजे सणखर्चाची वही तुम्ही आधी मांडायला हवी. पोळ्याच्या आधी एक पान घ्या, सणाचं नाव आणि समोर गेल्या वर्षी काय लागलं ते आठवून लिहा. तुमच्यासारख्या घरात असं काहीसं येईल: पोळा 2,500, महालक्ष्म्या 5,000, नवरात्र-दसरा 1,500, दिवाळीचे कपडे 6,000, फराळाचा किराणा 4,000, भाऊबीज आणि माहेरी आलेल्या नणंदांच्या साड्या 4,000, फटाके आणि किरकोळ 1,000. चोवीस हजार. आकडे तुमचे वेगळे असतील, पण लिहिलेले असू द्या. लिहिताना पोळ्याच्या ओळीत फक्त झूल, मथाटी, बेगड आणि पुरणाची डाळ लिहून थांबू नका. गड्याचा बोजारा, म्हणजे पोळ्याला त्याला द्यायचे पैसे, लिहा. दुसऱ्या दिवशीची कर लिहा, मटण आणि त्याच्यासोबत जे येते तेही. दिवाळीच्या चार रात्रींचे पत्ते लिहा. हे लिहिताना घरात कुरकुर होईल. नवऱ्याला समोर बसवून "तुम्ही एवढे उडवले" असं म्हणाल तर वही त्याच दिवशी बंद पडेल. "याही वर्षी लागतीलच, किती धरू?" असं विचारा. आकडा त्यांच्या तोंडून आला की तो पाळला जाण्याची शक्यता जास्त असते, हा माझा अनुभव आहे.

मी महालक्ष्म्या कमी करा असं कधी सांगत नाही. आंबील, कथली, सोळा भाज्या, पुरणाचा स्वयंपाक, जेवायला आलेली भावकी. ज्या घरात तुम्ही जेवायला घालता तीच माणसं सोंगणीला आणि दवाखान्याच्या रात्री येतात. भाऊबीजेची ओवाळणी आणि नणंदेची साडी यालाही हात लावू नका, तिथे दोनशे रुपये वाचवायला गेलात तर तुमचं माहेर आणि सासर दोन्ही दुखावतील. झाडीपट्टीकडे, भंडारा-गोंदियाच्या बाजूला, दिवाळीनंतर मंडई असते. तिथे पाहुणे आले की दुसरी दिवाळीच होते. तिकडच्या बायका मला सांगतात की मंडईचा खर्च टाळता येत नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही.

कमी करायचं ते वेगळ्या ठिकाणी. फराळाचं सामान एकेकटीने उधारीवर आणू नका. गटातल्या दहा-बारा जणींनी मैदा, रवा, बेसन, साखर, तेल यांची एकच यादी करून तालुक्याच्या ठोक दुकानातून रोखीने आणलं तर भाडं धरूनही फरक दिसतो. उधारीच्या किराण्यात व्याज वेगळं लिहिलेलं नसते, ते तेलाच्या भावात घातलेलं असते. हप्त्यावरचा मोबाइल दिवाळीत घेऊ नका. शून्य टक्के म्हणून पाटी लावलेली असते, पण फाइल चार्ज विचारा आणि रोखीत तोच मोबाइल कितीला देता तेही विचारा. धनत्रयोदशीला ग्रॅमभर सोनं घ्यायची हौस असते. सोन्यावर 3 टक्के जीएसटी आणि वर घडणावळ जाते, मोडताना घडणावळ परत मिळत नाही. 24 टक्क्यांचं कर्ज अंगावर असताना सोनं घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. घ्यायचंच तर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, असलेला साधा दागिना घ्या, नक्षीकाम नको.

सरकारी शिध्यावर यादी बांधू नका. 2022 च्या दिवाळीला 100 रुपयांत रवा, डाळ, साखर, तेल मिळालं होतं. पुन्हा मिळालं तर चांगलंच, पण वहीत त्याची ओळ नको.

हे झालं यंदाचं. यंदाची दिवाळी थोडी ओढाताणीतच होईल, ते एका वर्षात सुटणारं नाही. खरा बदल येत्या फेब्रुवारीत होतो. तूर विकली, समजा चार क्विंटल, 7,000 ने 28,000 आले. (2025-26 ला तुरीचा हमीभाव 8,000 होता, पण हिशेब नेहमी खालच्या भावाने धरावा.) त्यातले 12,000 त्याच दिवशी बाजूला काढायचे, आणि बाजूला म्हणजे डब्यात किंवा रोजच्या खात्यात ठेवायचे नाहीत. सहा-सहा हजारांच्या दोन मुदत ठेवी करा. एक पोळ्याच्या आठवड्यात मोकळी होईल अशी, साधारण सहा महिन्यांची. दुसरी दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मोकळी होणारी. बँकेतली ताई दिवस मोजून तारीख लावून देते, फक्त तुम्हाला सणाची तारीख सांगता आली पाहिजे. 2027 ला दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आहे. व्याज फार मिळणार नाही. ते महत्त्वाचं नाही, मे महिन्यातल्या लग्नात तो पैसा हाताशी सापडू नये एवढंच पाहायचं आहे. ज्या खात्यात ठेव मोकळी होईल ते खातं फोन-पेला जोडू नका. सासूबाईंचं जनधन खातं असेल तर उत्तम. सासवांकडून पैसे काढून घेणं लेकांना सोपं जात नाही.

याला पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे दोन हप्ते, 4,000, जोडा. सोळा हजार झाले. चोवीसपैकी सोळा आधीच बांधून ठेवले तर त्या वर्षी घाईने विकायच्या सोयाबीनची गरज दोन क्विंटलवर येते. त्याच्या पुढच्या वर्षी तुरीचे 16,000 ठेवायचा प्रयत्न करा. पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, हा पैसा टाकू नका. ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांआधी मोडता येत नाही. सणाला ती चुकीची.

बीसीबद्दल, म्हणजे सगळ्यांनी महिन्याला पैसे जमवून एकीला द्यायच्या भिशीबद्दल, तुम्ही विचारलं नाही, तरी गावात ती असेलच. दहा ओळखीच्या बायकांची, चिठ्ठी काढायची साधी बीसी असेल तर मला आक्षेप नाही, जमलं तर पोळ्याच्या आसपासचा नंबर मागून घ्या. बोलीची बीसी मात्र नको. नड असलेली बाई दिवाळीच्या महिन्यात घाटा खाऊन बोली घेते आणि फायदा नड नसलेल्यांचा होतो. आणि दिवाळीच्या तोंडावर दोन वर्षांत दामदुप्पट सांगणारा कुणी दारात आला, तर त्याला सांगा की पोस्टाच्या किसान विकास पत्रालासुद्धा सध्याच्या दराने दुप्पट व्हायला 115 महिने लागतात.

दिवाळीइतकीच, मी तर म्हणेन दिवाळीपेक्षा महत्त्वाची तारीख 31 मार्चची आहे. पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून 3 लाखांपर्यंत व्याज शून्य पडते. मुदत चुकली तर एक लाखावर 7 टक्क्यांनी 7,000 नुसतं व्याज, वर खातं थकीत. तुमच्या शाखेची मुदत नेमकी कोणती ते आत्ताच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, बँकेप्रमाणे थोडा फरक असतो. कापसाच्या मोठ्या वेच्याचा चुकारा आला की आधी ही रक्कम वेगळी करायची. नाहीतर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी आठ दिवसांसाठी उचलून नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं काढणं, करावं लागते, आणि त्या आठ दिवसांचे पैसे घेणारे लोक तालुक्याला बसलेलेच असतात. कर्जमाफीच्या बातम्यांवर थांबावं का, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. 2017 आणि 2019 ला माफी झाली, हे खरं. पण मधल्या काळात थकीत खात्यामुळे ज्यांना नवं पीककर्ज मिळालं नाही ते सावकाराकडे गेले आणि माफीपेक्षा जास्त व्याज भरून बसले, अशी घरं मी पाहिली आहेत. तुमचं व्याज आज शून्य आहे, ते तसंच राहू द्या.

मे महिन्यात खात्यात 456 रुपये राहतील असं बघा. 31 मेच्या आत 436 रुपयांत जीवनज्योती आणि 20 रुपयांत सुरक्षा विमा आपोआप कापला जातो, शिल्लक नसली तर दोन्ही बंद पडतात.

आता तुमची मोठी उद्दिष्टं. दोन्ही एकदम धरू नका. आधी फायनान्स, मग मुलीचं शिक्षण, स्लॅब सगळ्यात शेवटी. स्लॅब दोन वर्षं पुढे गेला तर टिनाखाली उकडेल, एवढंच. मुलीच्या प्रवेशाला पुढची तारीख मिळत नाही. स्लॅबसाठी कापसाचं एक चांगलं वर्ष लागेल, आणि तोवर स्वस्त मिळतं म्हणून सिमेंट घेऊन ठेवू नका. तीन महिन्यांत त्याची ताकद कमी व्हायला लागते, पावसाळ्यात तर आधीच.

लाडकी बहीणचे महिन्याचे 1,500 सध्या फायनान्सच्या हप्त्यात जात असतील, तर तसंच जाऊ द्या. फेब्रुवारीत कर्ज संपलं की त्यातल्या 1,000 ची मुलीच्या नावाने बँकेत आरडी उघडा, तीन वर्षांची. पूर्ण 1,500 ची नको. हे पैसे कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी रखडतात, आणि योजना सरकारच्या हातात आहे. ज्या पैशावर आपला ताबा नाही त्यावर पूर्ण हप्ता बांधला की मधेच आरडी मोडावी लागते. मुलगी बारावी होईपर्यंत 36,000 मुद्दल आणि वर व्याज जमलेलं असेल. सुकन्या खातं आता उघडता येणार नाही, ते दहा वर्षांच्या आतच काढावं लागते.

36,000 पुरतील का? फी धरली तर नाही, पण फीचं चित्र बदललेलं आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातलं काही मिळत नाही, हे गावात येणारे एजंट सांगत नाहीत. म्हणजे तुम्हाला जमवायचे आहेत ते खोली, मेस, बस आणि पुस्तकांचे पैसे. अमरावती किंवा यवतमाळला राहायचं तर पहिल्या वर्षाचा आधार म्हणून ही आरडी आणि त्या वर्षीचा थोडा कापूस यात निघू शकते. वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख यांच्याच नावाची निर्वाह भत्ता योजनाही आहे, त्याचा अर्ज प्रवेशानंतर लगेच करायचा असतो.

यासाठी लागणारे कागद, म्हणजे उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर आणि मुलीच्या स्वतःच्या नावाचं आधार जोडलेलं खातं, हे दहावीचा निकाल लागायच्या आधी करून घ्या. निकालानंतर सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते, आणि तो महिना नेमका पेरणीचा असतो.